नाणेशोधासाठी मध्यम किमतीचे धातुशोधक यंत्र : निवड, वापर आणि मर्यादा

प्रस्तावना

धातुशोधक यंत्र आपल्या परिचयाचे आहे ते विमानतळावरील, देवस्थानांच्या प्रवेशद्वारावरील किंवा पोलिसांच्या हातातील एक सुरक्षा-साधन म्हणून. ब्रिटनमध्ये मात्र हेच यंत्र नांगरलेल्या शेतातून हिंडणाऱ्या हौशी शोधकाच्या हाती दिसते. इंग्लंड आणि वेल्स येथे १९९७ साली सुरू झालेल्या ‘पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम’ या नोंदयोजनेत आजवर १५ लाखांहून अधिक वस्तूंची नोंद झाली असून त्यांतील बहुसंख्य वस्तू अशा हौशी शोधकांनी आणून दाखविल्या आहेत. या वस्तूंमध्ये नाण्यांचे प्रमाण मोठे आहे. भौतिकशास्त्र, नाणकशास्त्र, पुरातत्त्व आणि कायदा या चार शाखा ज्या विषयात एकत्र येतात असा हा विषय असल्यामुळे त्याचा परिचय महाविद्यालयीन अध्यापकांना उपयुक्त ठरावा.

प्रस्तुत लेखात मध्यम किमतीच्या यंत्रामागील तत्त्व, त्याच्या निवडीचे निकष आणि वापराची पद्धत यांचे विवेचन केले आहे. परदेशी बाजारात साधारणतः ३०० ते ८०० डॉलर या दरम्यान मिळणारी यंत्रे येथे ‘मध्यम किमतीची’ मानली आहेत. ब्रिटन हे या छंदाचे प्रमुख क्षेत्र असल्याने उदाहरणे मुख्यतः तेथील आहेत. आपल्याकडील भूमी आणि कायदा यांच्या संदर्भात या अनुभवाचा अर्थ काय, याचा विचार अखेरीस केला आहे. अधिक खोलवर पोहोचणारे यंत्र ते अधिक चांगले, ही समजूत भौतिकशास्त्राच्या दृष्टीने महागात पडणारी आणि इतिहासाच्या दृष्टीने घातक आहे, हे या लेखाचे मुख्य प्रतिपादन होय.

१. यंत्राचे कार्यतत्त्व

विद्युत्चुंबकीय प्रवर्तनाच्या साहाय्याने धातू शोधण्याची कल्पना जुनी आहे. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ साली अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष गारफिल्ड यांच्या शरीरातील बंदुकीची गोळी शोधण्यासाठी असे उपकरण वापरून पाहिले. तो प्रयत्न सफल झाला नाही. दुसऱ्या महायुद्धात पोलिश अभियंता युझेफ कोसात्स्की यांनी घडविलेले हातात धरावयाचे सुरुंगशोधक यंत्र १९४२ साली एल अलामेनच्या लढाईत उपयोगी पडले. आजचे नाणेशोधक यंत्र याच परंपरेतील आहे.

यंत्राच्या दांड्याच्या टोकाशी असलेल्या तबकडीत तारेची दोन वेटोळी असतात. पहिल्या वेटोळ्यातून काही हजार हर्ट्झ वारंवारतेचा प्रत्यावर्ती प्रवाह जातो व त्याभोवती सतत बदलणारे चुंबकीय क्षेत्र निर्माण होते. दुसरे वेटोळे ग्राहकाचे काम करते. ही दोन वेटोळी अशा रीतीने मांडलेली असतात, की जवळपास धातू नसताना पहिल्याचा दुसऱ्यावरील परिणाम जवळजवळ शून्य व्हावा. तबकडीखाली नाणे आले म्हणजे त्या नाण्यात भोवऱ्यासारखे फिरणारे प्रवाह, म्हणजेच आवर्त प्रवाह निर्माण होतात. त्यांचे स्वतःचे क्षीण चुंबकीय क्षेत्र ग्राहक वेटोळ्याचा तोल बिघडविते आणि हा बिघडलेला तोल आपणांस ध्वनीच्या रूपाने ऐकू येतो.

नाण्याकडून परत येणारा हा संकेत मूळ क्षेत्राच्या तुलनेत काहीसा मागे पडतो. या कलांतराचे प्रमाण वस्तूच्या विद्युत्वाहकतेवर, आकारावर व जाडीवर अवलंबून असते. चांदीचे जाड नाणे अधिक कलांतर दाखविते, तर पातळ वर्ख किंवा लहान शिशाचा तुकडा कमी. लोखंड स्वतः चुंबकीय असल्याने त्याचा प्रतिसाद निराळ्याच गटात पडतो. यंत्राच्या पडद्यावर दिसणारा अंक हा या कलांतराचाच संक्षेप असतो. येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. हा अंक धातूचे नाव सांगत नाही. सोन्याची लहान अंगठी आणि शीतपेयाच्या डब्याची ॲल्युमिनियमची कडी यांचे अंक पुष्कळदा एकच येतात. उलट, आपल्याकडील लोह-क्रोमियम मिश्रधातूचे रुपयाचे नाणे चुंबकीय असल्यामुळे ‘लोखंड’ म्हणून वगळले जाण्याचा संभव असतो. मात्र १९९० च्या दशकातील तांबे-निकेलचे दोन किंवा पाच रुपयांचे नाणे स्पष्ट ध्वनी देते. अंकावर विसंबून खणणारा शोधक म्हणूनच फसतो. ध्वनीची सुस्पष्टता आणि दोन्ही दिशांनी तबकडी फिरविली असता त्याची होणारी पुनरावृत्ती ही अधिक विश्वसनीय लक्षणे होत.

२. खोलीचा प्रश्न

यंत्र विकत घेणाऱ्याचा पहिला प्रश्न बहुधा ‘किती खोल?’ हा असतो. त्याचे उत्तर भौतिकशास्त्रात आहे. नाण्यापर्यंत पोहोचणारे चुंबकीय क्षेत्र अंतराच्या घनाच्या व्यस्त प्रमाणात क्षीण होते आणि नाण्याकडून परतणारे क्षेत्रही तसेच क्षीण होत येते. त्यामुळे तबकडीच्या आकाराच्या मानाने अंतर मोठे असेल, तेव्हा परतीचा संकेत अंतराच्या सहाव्या घाताच्या व्यस्त प्रमाणात कमी होतो. अंतर दुप्पट झाले तर संकेत चौसष्टावा भाग उरतो. हेच गणित उलटे मांडल्यास, यंत्राची प्रक्षेपणशक्ती इतकी वाढविली की संकेत दुप्पट व्हावा, तरी खोलीत भर पडते ती केवळ १२ टक्क्यांच्या आसपास. म्हणजे जे नाणे २० सेंटिमीटरवर ऐकू येत होते, ते फार तर साडेबावीस सेंटिमीटरवर ऐकू येईल.

या नियमामुळेच महागड्या यंत्रांची किंमत वाढते तशी खोली वाढत नाही. तिप्पट किंमत मोजून मिळते ती प्रामुख्याने खिळ्यांच्या गर्दीतून नाणे वेगळे काढण्याची क्षमता, वजनातील हलकेपणा आणि जलद प्रतिसाद. मध्यम किमतीचे चांगले यंत्र अनुकूल मातीत नाण्याएवढी वस्तू सुमारे १५ ते २५ सेंटिमीटरपर्यंत ओळखू शकते. योगायोगाने हीच खोली सर्वसाधारण नांगरटीची आहे.

हा योगायोग महत्त्वाचा आहे. नांगराने वारंवार उलथलेल्या थरातील नाणे आपल्या मूळ जागेवरून आधीच हललेले असते. ते उचलल्याने मातीच्या थरांतील पुराव्याची फारशी हानी होत नाही. उलट खते, गंज आणि फाळ यांपासून ते वाचते. नांगराच्या तळाखाली मात्र न हललेली माती असते आणि तेथे नाणे, भांडे, खड्डा व चूल यांचे परस्परसंबंध शाबूत असतात. इंग्लंड व वेल्समधील जबाबदार धातुशोधाची आचारसंहिता (२००६, सुधारित २०१७) नांगरलेल्या जमिनीवर आणि नांगरटीच्या खोलीच्या आतच शोध घेण्यास सांगते, त्यामागील कारण हेच. ज्या खोलीपर्यंत हौशी शोधकाने जावे, त्या खोलीपर्यंत मध्यम यंत्र पोहोचते. त्याखालचा प्रदेश पुरातत्त्वज्ञाचा आहे.

३. निवडीचे निकष

खोलीचा मोह बाजूला ठेवल्यास निवडीचे खरे निकष पुढीलप्रमाणे मांडता येतात.

(अ) वारंवारता : कमी वारंवारता (सुमारे ५ किलोहर्ट्झ) मोठ्या चांदी-तांब्याच्या नाण्यांना, तर अधिक वारंवारता (१५ किलोहर्ट्झ व त्यापुढे) लहान व पातळ नाण्यांना अधिक अनुकूल असते. २०१० साली बाजारात आलेले गॅरेट कंपनीचे ‘एटी प्रो’ १५ किलोहर्ट्झवर, तर नोक्ता कंपनीचे ‘सिम्प्लेक्स प्लस’ १२ किलोहर्ट्झवर चालते. मिनलॅब कंपनीचे २०१८ साली आलेले ‘इक्विनॉक्स ८००’ एकाच वेळी अनेक वारंवारता वापरते. समुद्रकाठच्या ओल्या, खारट वाळूत अनेक वारंवारतांचा उपयोग विशेष जाणवतो, कारण खारे पाणी स्वतःच विद्युत्वाहक असून खोटे संकेत देते. ज्यास केवळ कोरड्या शेतजमिनीत काम करावयाचे आहे, त्यास एकाच वारंवारतेचे यंत्र पुरते.

(आ) भूमी-संतुलन : मातीतील लोहखनिजांचा प्रतिसाद नाण्याच्या प्रतिसादापेक्षा कितीतरी मोठा असू शकतो. तो वजा करण्याच्या सोयीला भूमी-संतुलन म्हणतात. स्वस्त यंत्रांत हे संतुलन कारखान्यातच कायमचे ठरविलेले असते. मध्यम किमतीच्या यंत्रात ते वापरणाऱ्यास जागेवर साधता येते. या दोन वर्गांतील सर्वांत मोठा फरक हाच होय. बेसॉल्टपासून बनलेली दख्खनची काळी माती आणि कोकण-गोव्यातील जांभा यांत चुंबकीय लोहखनिजे भरपूर असल्याने इंग्लंडच्या मातीतील खोलीचे आकडे आपल्याकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. ज्या यंत्रात ही सोय नाही, ते आपल्या मातीत अखंड कुरकुरत राहते.

(इ) तबकडी : मोठी तबकडी अधिक क्षेत्र व्यापते व थोडी अधिक खोली देते; परंतु तिच्याखाली एकाच वेळी अनेक वस्तू येतात आणि खिळ्याशेजारचे नाणे झाकले जाते. लहान तबकडी गर्दीच्या जागी उपयुक्त. २८ सेंटिमीटर अर्थात ११ इंच व्यासाची, परस्परांवर चढलेल्या दोन ‘डी’ आकाराच्या वेटोळ्यांची तबकडी खनिजयुक्त मातीत तुलनेने स्थिर राहते व सामान्य कामास योग्य ठरते.

(ई) विभेदन : नको असलेल्या धातूंचे संकेत गाळण्याच्या या सोयीला बाजारात ‘डिस्क्रिमिनेशन’ म्हणतात. गाळणी जितकी कडक, तितकी चांगली नाणीही गळतात. म्हणून लोखंडाचा ध्वनी पूर्णपणे बंद करण्याऐवजी तो खालच्या सुरात ऐकविणारे यंत्र निवडावे.

(उ) वजन व इतर बाबी : चार-पाच तास हात फिरवावयाचा असल्याने सुमारे सव्वा ते दीड किलो वजन, समतोल दांडा, पाण्यापासून संरक्षण, कानाला लावावयाचे ध्वनिग्राहक आणि दुरुस्तीची सोय यांना पडद्यावरील चित्रांपेक्षा अधिक महत्त्व द्यावे. खड्ड्यातील नाण्याची नेमकी जागा दाखविणारा लहान हातशोधक आणि मजबूत हातखुरपे यांसाठी एकूण रकमेतील काही भाग राखून ठेवणे शहाणपणाचे.

४. वापराची पद्धत

यंत्र हाती येताच शेतात जाण्यापूर्वी एक चाचणी-वाफा तयार करावा. मोकळ्या व धातूंपासून मुक्त अशा जागी ५, १०, १५ आणि २० सेंटिमीटर खोलीवर निरनिराळी आधुनिक नाणी, एक खिळा आणि डब्याची एक कडी पुरून त्यांचा नकाशा करावा. प्रत्येक वस्तूचा ध्वनी व अंक वहीत नोंदवावा. पाऊस पडल्यावर आणि माती वाळल्यावर हीच नोंद पुन्हा केल्यास आर्द्रतेचा परिणाम लक्षात येतो. भौतिकशास्त्राच्या प्रात्यक्षिकासाठीही हा वाफा उपयोगी आहे. निरनिराळ्या व्यासांची नाणी तबकडीपासून किती अंतरापर्यंत ऐकू येतात याचा आलेख विद्यार्थ्यांनी काढल्यास सहाव्या घाताचा नियम त्यांना डोळ्यांनी पाहता येतो. व्यासाने मोठे नाणे किंचितच दूर ऐकू येते हे पाहून विद्यार्थी प्रथम चकित होतात, आणि तेथूनच खरा धडा सुरू होतो.

प्रत्यक्ष शोधात प्रथम भूमी-संतुलन साधावे. त्यानंतर संवेदनक्षमता कमाल पातळीवर न ठेवता, यंत्र शांत राहील इतकी कमी करावी. गोंगाट करणारे संवेदनशील यंत्र हे शांत यंत्रापेक्षा प्रत्यक्षात कमी ऐकविते. तबकडी जमिनीला समांतर, शक्य तितकी जवळ आणि संथ गतीने फिरवावी. अनेकांचा हात झोक्याच्या शेवटी वर उचलला जातो. वर पाहिलेल्या नियमानुसार हे पाच सेंटिमीटरचे उचलणे खोलीच्या दृष्टीने फार महागात पडते. प्रत्येक झोका मागच्या झोक्यावर निम्मा चढला पाहिजे. शेताचे दोरीने पट्टे पाडून एका दिशेने, व नंतर काटकोनात दुसऱ्या दिशेने चालावे.

संकेत मिळाल्यावर नव्वद अंशांनी फिरून तो पुन्हा तपासावा. गवताळ जागी तीन बाजूंनी माती कापून चौथी बाजू बिजागरीसारखी ठेवावी, म्हणजे गवताचे मूळ तुटत नाही. निघालेली माती कापडावर ठेवावी, खड्डा पुन्हा तपासावा आणि मग तो पूर्ववत बुजवावा. नाणे घासून किंवा आम्लात बुडवून स्वच्छ करणे हा सर्वाधिक आढळणारा अपराध आहे. गंजाच्या थरातच पुष्कळदा अक्षरे टिकून असतात. थर गेला की अक्षरेही जातात.

नाण्याइतकीच त्याच्या जागेची नोंद महत्त्वाची. उपग्रहाधारित स्थाननिश्चिती, खोली, दिनांक आणि पिशवीवरील क्रमांक या चार नोंदी प्रत्येक नाण्यासाठी हव्यात. एका शेतात विखुरलेली चाळीस नाणी नकाशावर मांडली असता जुन्या बाजाराची किंवा वाटेची रेषा उमटू शकते. तीच चाळीस नाणी एका डब्यात टाकली तर उरतो केवळ संग्रह. पुरातत्त्वज्ञांनी स्वतः या पद्धतीचा केलेला वापर बोलका आहे. अमेरिकेतील लिटल बिगहॉर्न या १८७६ च्या रणभूमीवर १९८३ साली वणवा लागून गवत जळाले आणि १९८४ पासून तेथे यंत्रांच्या साहाय्याने पद्धतशीर सर्वेक्षण झाले. प्रत्येक वस्तूच्या जागी निशाण रोवून नोंद केल्यामुळे काडतुसांच्या टोपणांवरून एकेका बंदुकीची रणांगणावरील हालचाल मांडता आली.

५. थांबण्याचे महत्त्व : तीन उदाहरणे

विखुरलेले एकटे नाणे आणि एकत्र पुरलेला निधी यांत मूलभूत फरक आहे. एकाच जागी दोन-तीन नाणी लागली, भांड्याचा काठ दिसला, किंवा नांगराच्या तळाखाली संकेत दाट झाला, की हात थांबविणे हे शोधकाचे सर्वांत मोठे कौशल्य होय.

१९९२ साली सफोकमधील हॉक्सन गावी एरिक लॉज हे शेतात हरवलेला हातोडा शोधत असताना त्यांना रोमन नाणी लागली. त्यांनी सगळे न उपसता खबर दिली आणि दुसऱ्याच दिवशी पुरातत्त्वज्ञांनी उत्खनन केले. त्यामुळे १४,८६५ नाणी, दागिने व चांदीची भांडी पेटीत कशी रचली होती हे समजू शकले. हरवलेला हातोडाही सापडला.

२०१० साली सॉमरसेटमधील फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प यांनी भांड्याचा काठ दिसताच खोदणे थांबविले. पुरातत्त्वज्ञांनी भांडे थराथराने रिकामे केले, तेव्हा ५२,५०३ रोमन नाणी मिळाली. त्यांतील सर्वांत उशिराची, कॅरॉशियस या सम्राटाची बहुतेक नाणी भांड्याच्या निम्म्याहून खालच्या भागात होती. बचतीसाठी वर्षानुवर्षे नाणी टाकली असती तर ती सर्वांत वर असती. यावरून भांडे एकाच वेळी भरले गेले असा निष्कर्ष निघाला व हा निधी देवतेला अर्पण केलेला असावा, असा विचार पुढे आला. हे ज्ञान एकाही नाण्यावर कोरलेले नव्हते. ते नाण्यांच्या क्रमात होते.

याउलट २०१५ साली हेरफर्डशायरमध्ये दोन शोधकांनी व्हायकिंग काळातील निधी काढून तो न कळविता विकण्याचा प्रयत्न केला. या निधीत सुमारे ३०० नाणी असावीत असा अंदाज आहे; खटल्याच्या वेळेपर्यंत हाती आली होती केवळ ३१. वेसेक्सचा आल्फ्रेड आणि मर्सियाचा दुसरा केओलवुल्फ या दोन राजांच्या समान घडणीच्या या नाण्यांवरून त्यांच्यातील राजकीय सहकार्यावर नवा प्रकाश पडतो. शोधकांना २०१९ साली कारावासाची शिक्षा झाली; परंतु विखुरलेली नाणी व त्यांचा क्रम शिक्षेने परत येत नाही.

६. कायदा आणि आपला संदर्भ

इंग्लंडमध्ये जमीनमालकाच्या परवानगीशिवाय शोध घेता येत नाही आणि १९७९ च्या कायद्यानुसार संरक्षित स्थळी विशेष संमतीविना यंत्र वापरणे हा गुन्हा आहे. १९९६ च्या ‘ट्रेझर ॲक्ट’नुसार ३०० वर्षांहून जुनी, किमान १० टक्के सोने वा चांदी असलेली दोन किंवा अधिक नाणी एकाच शोधात मिळाल्यास (हलक्या धातूची असल्यास दहा) ती १४ दिवसांत कळवावी लागतात. संग्रहालयाने निधी घेतल्यास शोधक व जमीनमालक यांना मोबदला मिळतो. शेजारच्या आयर्लंडने मात्र १९८७ च्या कायद्याने प्राचीन वस्तूंसाठी यंत्राचा विनापरवाना वापरच निषिद्ध केला आहे. छंदाला कोणती चौकट द्यावी याविषयी दोन शेजारी देशांनी दिलेली ही दोन निराळी उत्तरे आहेत.

भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेला दहा रुपयांहून अधिक मूल्याचा निधी जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविणे बंधनकारक आहे. १९७२ च्या कायद्यानुसार किमान शंभर वर्षे जुने नाणे पुरावस्तू ठरते, आणि १९५८ च्या कायद्यानुसार संरक्षित क्षेत्रात परवान्याविना उत्खनन करता येत नाही. आपल्याकडे हौशी शोधकांच्या वस्तूंची ब्रिटनसारखी देशव्यापी नोंदयोजना नाही. म्हणून आपल्या महाविद्यालयांत या यंत्राचे योग्य स्थान चाचणी-वाफ्यावरील प्रात्यक्षिक, हरवलेल्या आधुनिक वस्तूंचा शोध आणि अधिकृत पुरातत्त्वीय सर्वेक्षणात तज्ज्ञांच्या देखरेखीखाली साहाय्य, एवढेच आहे. किल्ल्यांवर, पांढरीच्या टेकाडांवर किंवा जुन्या गावठाणात विद्यार्थ्यांनी हौसेने यंत्र फिरविणे कोणत्याही परिस्थितीत समर्थनीय ठरत नाही.

निधी एकत्र राहिला म्हणजे काय हाती लागते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. नाशिक जिल्ह्यातील जोगळटेंभी येथे १९०६ साली नहपान क्षत्रपाची १३,००० हून अधिक चांदीची नाणी सापडली. त्यांपैकी ९,००० हून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली मुद्रा पुन्हा उमटविली होती. एखाद्या सुट्या नाण्यावरून पुनर्मुद्रण झाले एवढेच कळले असते. पुनर्मुद्रित आणि मूळ नाणी कोणत्या प्रमाणात एकत्र होती हे कळते ते संपूर्ण निधीवरून. सातवाहनांच्या क्षत्रपांवरील विजयाचा हा ठोस पुरावा मानला जातो. हा निधी मूठमूठभर वाटला गेला असता, तर नाणी उरली असती आणि पुरावा नाहीसा झाला असता.

निष्कर्ष

नाणेशोधासाठी मध्यम किमतीचे यंत्र पुरेसे आहे. संकेत अंतराच्या सहाव्या घाताने क्षीण होत असल्याने अधिक खोलीसाठी मोजलेला पैसा अल्प फळ देतो, आणि नांगराच्या तळाखाली मिळविलेली प्रत्येक अधिकची बोटभर खोली पुराव्याच्या हानीची शक्यता वाढविते. निवड करताना भूमी-संतुलन, योग्य तबकडी व सुस्पष्ट ध्वनी यांना, आणि वापर करताना संथ हात, काटेकोर नोंद व वेळीच थांबणे यांना प्राधान्य द्यावे. यंत्र धातू दाखविते. त्या धातूचा इतिहास तो ज्या मातीत आहे तिच्याशी जोडलेला असतो, आणि तो जोड राखणे हे यंत्र धरणाऱ्याचे काम आहे.